सीडी वाजते, पण उतरते का?

जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसलं, की एखादी तरी अशी निघतेच: प्लेअरवर कधी अडखळलेली नसते, पण इथे तिसऱ्या ट्रॅकवर रुसून बसते. ड्राइव्ह जोरात फिरतो, मंदावतो, मागे जाऊन तेच पुन्हा वाचतो आणि चार मिनिटांच्या गाण्याला पाऊण तास खातो. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी सगळं खापर ड्राइव्हवर फोडलं. प्रत्यक्षात तो बिचारा प्रामाणिकपणा करत होता. इतकी वर्षं लबाडी केली होती ती प्लेअरने. वाचता न आलेल्या जागा त्याने स्वतःच्या मनाने भरल्या होत्या आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

१९८२ साली बाजारात आलेली सीडी म्हणजे १२ सेंटीमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्या वरच्या अंगावर बारीक खळग्यांची एक ओळ उमटवलेली असते, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, त्यावर लॅकरचा थर आणि सगळ्यात वर छापलेलं नाव. खळग्यांची ही ओळ आतून सुरू होऊन गोल गोल फिरत काठाकडे जाते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित जास्त. ओळ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरांच्या पुढे जाईल. खळगा म्हणजे ० आणि सपाट जागा म्हणजे १ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते बरोबर नाही. खळगा जिथे सुरू होतो किंवा संपतो, त्या कडेवर १ असतो. दोन कडांमधलं अंतर जितकं, तितकी मधली शून्यं.

लेझर हे खालून वाचतो, पॉलिकार्बोनेटच्या सगळ्या जाडीतून आरपार. चकतीत शिरताना त्याचा ठिपका पाऊण मिलिमीटरभर रुंद असतो आणि खळग्यांपर्यंत पोचेपर्यंत तो दोन मायक्रोमीटरांच्याही आत आवळला जातो. त्यामुळे खालच्या पृष्ठभागावरचा धुळीचा कण त्याला फारसा नडत नाही. चष्म्याच्या काचेवरचा कण आपल्याला नडत नाही, तसंच. मात्र आपण सगळे ती चकचकीत खालची बाजू जिवापाड जपतो आणि वरच्या बाजूवर खुशाल बॉलपेनने नाव लिहितो. खरा धोका तिथेच आहे. वर मुलाम्याच्या रक्षणाला काही मायक्रोमीटरांचं लॅकर, बस. खालचा ओरखडा घासून गुळगुळीत करता येतो. वरून मुलामा खरवडला गेला, की तिथली माहिती कायमची गेली.

खालच्या ओरखड्यांसाठी मात्र सीडीत आधीपासूनच तजवीज आहे आणि ती मोठी देखणी आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेलं गणित इथे कामाला येतं. आलेखाच्या कागदावर दोन बिंदू दिले, की त्यांतून एकच सरळ रेषा जाते. समजा मला तुम्हाला दोनच बिंदू कळवायचे आहेत, पण मी त्याच रेषेवरचे आणखी दोन जास्तीचे पाठवले. आता वाटेत कोणतेही दोन गहाळ झाले तरी उरलेल्या दोनांवरून रेषा काढून तुम्ही हरवलेले शोधून काढाल. एखादा चुकीच्या जागी पोचला, तर तीन एका रेषेत आणि तो एकटा बाहेर. चोर लगेच सापडेल. सीडीवर सरळ रेषेपेक्षा अवघड समीकरणं असतात, पण युक्ती हीच. तिथे संगीताच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट असे जास्तीचे लिहिलेले असतात.

याला जोड आहे विखुरण्याची. संगीतात शेजारी असलेले बाइट सीडीवर शेजारी लिहीतच नाहीत, लांब लांब पसरवतात. ओरखडा एका जागचे पुष्कळ बाइट सलग खाऊन टाकतो. पण वाचून झाल्यावर सगळे बाइट मूळ क्रमात लावले, की नुकसान इथे एक, तिथे एक असं वाटलं जातं आणि सुटी चूक दुरुस्त करणं समीकरणांना सोपं जातं. या दोहोंच्या जोरावर ओळीच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर भाग सलग नाहीसा झाला, तरी मूळ संगीत जसंच्या तसं परत मिळतं. सीडी मध्याकडून काठाकडे पुसा, गोल पुसू नका, असं सांगतात त्याचं कारणही हेच. उभा ओरखडा प्रत्येक वेढ्याला जरासा छेदून पुढे जातो. गोल ओरखडा एकाच वेढ्याला धरून लांबवर चालत राहतो.

आणि नुकसान याहून मोठं असेल तर? तर प्लेअर अंदाज करतो. सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात. त्यातलं एखादं मिळालं नाही, तर मागच्या-पुढच्या दोन मोजमापांच्या मधली किंमत तो तिथे ठेवून देतो. कानाला काही कळत नाही. फारच वाताहत झाली, तर क्षणभर गप्प बसतो. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही, कारण गाणं चालू असताना मागे वळून पुन्हा वाचायला त्याला सवड कुठे असते?

उतरवून घेताना सवड असते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा सीडीपॅरानोइया यांसारखे प्रोग्रॅम एकच भाग पुन्हा पुन्हा वाचतात आणि उत्तरं जुळेपर्यंत ड्राइव्हला सोडत नाहीत. एवढी उलटतपासणी लागते, कारण गाण्यांची सीडी ही फायलींची सीडी नसते. दोन्हींवर एका सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका ठरावीक तुकड्यात, २,३५२ बाइट बसतात. पण फायलींच्या सीडीत त्यातले २,०४८ च माहितीला मिळतात, बाकीचे पत्ता आणि चुका पकडण्याच्या आणखी एका थराला जातात. गाण्यांच्या सीडीवर सगळे २,३५२ संगीतालाच दिलेले असतात. आणखी थर नाही आणि नेमका पत्ताही नाही. ड्राइव्हला एखाद्या ठिकाणी परत जायला सांगितलं, तर तो तिथेच पोचेल याची खात्री नसते. शिवाय प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह आपल्या ठरावीक सवयीने काही मोजमापं आधी किंवा नंतर सुरुवात करतो. सेकंदाच्या शतांशाइतका फरक. ऐकताना शून्य महत्त्वाचा, पण दोन प्रती ताडून पाहायच्या झाल्या तर सगळं गणित बिघडवणारा. म्हणून चांगले प्रोग्रॅम ही सवय आधी मोजून वजा करतात.

ताडून पाहायचं कशाशी? आपल्याच ड्राइव्हने दोनदा तीच चूक केली तर दोन्ही उत्तरं जुळतील की. इथे अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय मला फार आवडते. प्रत्येक ट्रॅकच्या सगळ्या आकड्यांवरून एक छोटा पडताळा-अंक काढायचा आणि तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवणाऱ्या अनोळखी लोकांच्या अंकांशी तो जुळतो का बघायचा. वेगळी चकती, वेगळे ओरखडे, वेगळा ड्राइव्ह, तरी अंक एकच आला, तर दोघांनाही सारखाच योगायोग साधणं जवळपास अशक्य.

गंमत म्हणजे, इतकं काटेकोर संगीत सांभाळणाऱ्या बहुतेक सीडींना स्वतःचं नाव माहीत नसतं. त्यांच्यावर असते ती फक्त कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी, सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत अचूक. ही यादीच बोटांच्या ठशासारखी वापरून प्रोग्रॅम म्यूझिकब्रेन्झसारख्या संग्रहात नाव शोधतो. दुर्मीळ सीडी असेल तर नावं हाताने भरायची तयारी ठेवा, आणि पहिल्याच दिवशी ठरवा की गायकाचं नाव आधी की आडनाव. हा निर्णय मी शंभराव्या सीडीनंतर बदलला. तुम्ही तसं करू नका.

साठवायचं कशात, यावर फार घोळ घालण्याचं कारण नाही. सीडीवरचं तासभराचं संगीत ६३५ मेगाबाइट भरतं. फ्लॅक या काहीही न गमावता आवाज आवळणाऱ्या फाइल-प्रकारात ते साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत मावतं आणि उलगडल्यावर एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नसतो. तीनशे सीडी सव्वाशे गिगाबाइटांच्या आसपास बसतील. हल्लीच्या फोनमध्येही तेवढी जागा असते. एमपी३ ची काटकसर आता कशासाठी? फ्लॅकच्या फायलीत मूळ आवाजाचा पडताळा-अंकही ठेवलेला असतो, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल सडली का, हेसुद्धा तपासता येतं.

डीव्हीडीकडे वळलं, की सगळं उलटं होतं. तिच्यावर मुळातच फायली असतात. सेक्टर वाचला तर बरोबर वाचला, नाहीतर ड्राइव्ह सरळ नाही म्हणतो. अंदाजाचा कारभार नाही. अडचण आधी कुलपाची. बाजारातल्या बहुतेक सिनेमांवर ४० बिटांच्या किल्लीचं कुलूप असतं. ते १९९९ सालीच फुटलं, पण स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडीचंही कुलूप उघडायला कायद्याची परवानगी आहे की नाही, हे देशागणिक बदलतं. ते आधी बघून घ्यावं.

पुढची अडचण चित्राची. ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण मूळ टीव्ही कार्यक्रम असेल तर त्यात दर सेकंदाला ५० अर्धी चित्रं गुंफलेली असतात: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. जुन्या टीव्हीच्या नळीला हे सोयीचं होतं. आजच्या पडद्यावर धावणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसू लागतात. सिनेमाची तऱ्हा आणखी निराळी. तो सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला. या डीव्हीडीसाठी तो बहुधा सरळ २५ च्या वेगाने पळवतात. दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं लवकर संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढे लागतात.

हे दात काढायला आणि जागा वाचवायला व्हिडिओ नव्याने एन्कोड करण्याचा, म्हणजे पुन्हा आवळून लिहिण्याचा, मोह होतो. मी तो आवरतो. डीव्हीडीवरचं चित्र एकदा पुष्कळ काटछाट करूनच बसवलेलं असतं, त्यावर पुन्हा कात्री चालवली की गेलेलं परत येत नाही. त्यापेक्षा मूळ व्हिडिओ तसाच उचलून एमकेव्हीच्या डब्यात, म्हणजे चित्र, आवाज आणि उपशीर्षकं एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये ठेवावा आणि दात काढण्याचं काम दाखवताना करू द्यावं. दोन थरांची डीव्हीडी फार तर साडेआठ गिगाबाइट. दोनशे असल्या तरी दोन टेराबाइट पुरतात. ब्लू-रे मात्र २५ ते ५० गिगाबाइटची असते, तिथे हा हट्ट महागात पडू शकतो.

घरच्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारा जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा सर्व्हर अशी फाइल जमलं तर जशीच्या तशी टीव्हीकडे धाडतो आणि तेव्हा त्याला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. टीव्हीला ती भाषा येत नसेल, तर सर्व्हरला चालू सिनेमात भाषांतर करत बसावं लागतं. यातला सगळ्यात छुपा चोर म्हणजे उपशीर्षकं. डीव्हीडीवर ती अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. तुमच्या टीव्हीला ती चित्रं समजली नाहीत, तर एका ओळीच्या मजकुरासाठी सर्व्हर पूर्ण सिनेमा नव्याने एन्कोड करू लागतो आणि त्याचा पंखा भणभणतो. उपशीर्षकं बंद करून बघा. पंखा शांत झाला तर निदान झालं.

सुरुवात मात्र घरी बर्न केलेल्या चकत्यांपासून करा. त्यांच्यात खळगे नसतात, लेझरने डागलेला रंगाचा थर असतो आणि रंग उन्हाने, उष्णतेने विटतो. विकत आणलेली गाणी पुन्हा मिळतील, बारशाचं चित्रीकरण मिळणार नाही. आणि उतरवलेलं सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. सीडी हातातून पडली तर एक सीडी जाते, हार्ड डिस्क पडली तर आख्खं कपाट जातं.

माझा तो तिसरा ट्रॅक शेवटी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरला, पण अंक जुळला नाही. अहवालात एकच संशयित जागा नोंदलेली आहे: २ मिनिटं १४ सेकंद. आता ते गाणं लागलं, की त्या सेकंदाला माझे कान आपोआप टवकारतात. अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.