दोन वेळचं जेवण: वजन उतरवणाऱ्या उपवासाची पार्श्वभूमी

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीपासून कचेरीतल्या डब्यापर्यंत एक विषय हटकून निघायचा: तुम्ही दीक्षितांचे की दिवेकरांचे? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, मधे काही खाऊ नका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की उपाशी राहू नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि आपल्या मातीतलं खा. घराघरांत दोन पक्ष पडले. जगभर ज्याला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ (ठरावीक वेळ किंवा दिवस उपाशी राहणं) म्हणतात, त्याची मराठी माणसाशी खरी ओळख झाली ती याच वादातून. १६:८ (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं) वगैरे आकडे पुण्यामुंबईच्या जिममध्ये होते. लातूर-बीडकडच्या माणसाला हा प्रकार ‘दीक्षित डाएट’ म्हणूनच कळला.

दीक्षित हे तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. मूळ कल्पनेचं श्रेय ते नेहमी डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. काटोलचे जिचकार डॉक्टर, वकील, आमदार, मंत्री आणि असंख्य पदव्यांचे धनी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. २००४ मध्ये त्यांचं अपघाती निधन झालं. दिवसातून दोनदाच जेवावं हा विचार ते व्याख्यानांतून मांडत. तो ऐकून दीक्षितांनी २०१२ साली प्रयोग आधी स्वतःवर केला. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं, असं ते सांगतात. मग गावोगावी व्याख्यानं सुरू झाली आणि पुढे ते राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूतही झाले.

पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं आणि जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. एरवी पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सुरुवात करण्याआधी रक्तातलं उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यायची. यामागचा तर्क असा: प्रत्येक खाण्याबरोबर, मग ते एक बिस्कीट का असेना, इन्सुलिन वाढतं, ते वाढलेलं असेपर्यंत शरीर चरबी साठवतं, मोडत नाही. म्हणून इन्सुलिन वाढण्याचे प्रसंगच कमी करायचे. इन्सुलिनचा शोध १९२१चा असला, तरी रक्तातली त्याची अत्यल्प मात्रा अचूक मोजता येऊ लागली ती १९६०च्या आसपास, रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या कामामुळे. ही चाचणी नसती तर दीक्षितांच्या मांडणीला हातात धरण्यासारखं काही उरलं नसतं.

पैशाशिवाय, पावडरीशिवाय, केंद्रात नाव न नोंदवता करता येणारी गोष्ट म्हणून ती पसरली. तिच्या यशात मला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. दुसरा भाग म्हणजे मराठी घराला ती परकी वाटली नाही.

दोनदाच जेवण्याचा नियम आपल्याकडे फार जुना. महाभारताच्या शांतिपर्वात म्हटलं आहे की माणसाने सकाळ-संध्याकाळ जेवावं. मधल्या वेळात जो खात नाही, तो रोज जेवूनही उपवास केल्यासारखाच असतो. व्रतांच्या यादीत दिवसातून एकदाच जेवण्याचं एकभुक्त आहे, फक्त रात्री जेवण्याचं नक्त आहे. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवायचं, श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडायचा, चातुर्मासात एक वेळ जेवायचा नेम धरायचा. जैन घरांत सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. एकासणं म्हणजे एका बैठकीचं जेवण, आणि वर्षीतपात वर्षाहून अधिक काळ एक दिवसाआड उपास चालतो. बौद्ध भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. आजच्या कुठल्याही ‘विंडो’ला, म्हणजे खाण्यासाठी आखलेल्या वेळेला, यातलं एखादं जुनं भावंड सापडेल.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ‘आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं’ असं फार सहज म्हटलं जातं. व्रतांचा हेतू पुण्य, संयम, देवाचं स्मरण, प्रायश्चित्त हा होता. वजन उतरवायला कुणी एकादशी धरत नव्हतं. शिवाय ‘पूर्वज दोनदाच जेवत’ हेही सगळ्यांना लागू नाही. शेतात राबणारा माणूस सकाळची न्याहारी घेऊनच औताला लागे, आणि दुष्काळात ज्यांच्या दोन्ही वेळा हुकल्या त्यांची भूक व्रताची नव्हती.

लठ्ठपणाचा विचार वेगळा झाला तो वैद्यकात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसावर एक प्रकरण आहे आणि त्याच्या लगेच पुढच्या प्रकरणात लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत. उपवास त्यांतला एक. चरकाचं निरीक्षण बारीक आहे. स्थूल माणसाचा अग्नी प्रखर असतो, त्याला भूक वारंवार लागते, हे तो नोंदवतो. म्हणून तो अशा माणसाला नुसतं उपाशी ठेवत नाही, तर पोट भरेल पण पोषण फार होणार नाही असं पचायला जड अन्न सांगतो. त्याच्या यादीत जव, कुळीथ, मूगही येतात. भुकेलेल्या लठ्ठ माणसाला उपाशी ठेवलं तर तो नेम मोडणार, ही जाण त्यात दिसते.

उपवासाच्या ताटाचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओकाचा कंद, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते १९४०च्या दशकात, म्हणजे साबुदाण्याची खिचडी घरोघरी रुळली त्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. धान्य वर्ज्य राहिलं, पण त्याची जागा जवळजवळ शुद्ध पिष्ट, तूप आणि दाण्याच्या कुटाने घेतली. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच आलेली नाही. वेळेचं बंधन सैल झालं आणि पदार्थांचं तेवढं उरलं. दिवसभर चहा, फराळी चिवडा आणि रताळ्याच्या किसावर काढलेल्या उपासाने वजन उतरत नाही, यात नवल नाही.

प्रयोगशाळेतला उपवास याच्याशी संबंध न येता वेगळ्याच वाटेने वाढला. १९१२ मध्ये बोस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्टने एका माणसाला ३१ दिवस फक्त पाण्यावर ठेवून त्याच्या श्वासापासून लघवीपर्यंत सगळं मोजलं. १९१५ मध्ये ऑटो फोलिन आणि डेनिस यांनी लठ्ठ व्यक्तींसाठी ठरावीक दिवसांचे उपवास सुचवले. १९४६ मध्ये शिकागोच्या कार्लसन आणि होएल्झेल यांनी उंदरांना अधूनमधून उपाशी ठेवलं, तर ते जास्त जगलेले दिसले. मग १९५९ मध्ये अटलांटाच्या वॉल्टर ब्लूमने लठ्ठपणाच्या उपचाराची सुरुवातच उपवासाने करून पाहिली आणि रुग्णालयांत या उपचाराची लाट आली. फिलाडेल्फियात गारफिल्ड डंकन दहा-चौदा दिवसांचे उपवास पुन्हा पुन्हा देऊ लागला.

या लाटेचं टोक स्कॉटलंडमधल्या डंडीला गाठलं गेलं. अँगस बार्बिएरी नावाचा २७ वर्षांचा तरुण १९६५ मध्ये २०७ किलो वजन घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे आला. थोडे दिवस उपास करायचा ठरला होता. त्याने तो ३८२ दिवस चालवला. पाणी, चहा, कॉफी, जीवनसत्त्वं आणि गरजेप्रमाणे क्षार, एवढ्यावर तो ८२ किलोवर आला. पाच वर्षांनंतरही त्याचं वजन ८९ किलोच होतं. हे उदाहरण आज यूट्यूबवर प्रेरणा म्हणून सांगितलं जातं, त्याचा मला राग येतो. कारण त्याच दशकात अशाच उपचारात काही रुग्ण दगावले. चरबीबरोबर स्नायू खर्च होत होते, त्यात हृदयाचे स्नायूही आले. क्षारांचं गणित बिघडत होतं. काही जण तर पुन्हा अन्न सुरू करताना गेले. दीर्घ उपवासाचा उपचार मागे पडला तो या मृत्यूंमुळे.

त्या काळातून एक पक्कं ज्ञान मात्र हाती लागलं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, ते दिवसभरात संपत येतं आणि मग शरीर चरबीकडे वळतं. उपास लांबला की मेंदूसुद्धा चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालू शकतो, हे हार्वर्डच्या जॉर्ज काहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये दाखवलं. ग्लायकोजेन आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे, आणि दोन दिवस नेहमीसारखं जेवलं की परत येतो तोही त्यामुळेच.

नंतर बरीच वर्षं उलटा सल्ला चालला: थोडं थोडं, वारंवार खा. साखर स्थिर राहते, भूक अनावर होत नाही, हा त्यामागचा विचार. दिवेकरांची मांडणी याच काळातली, पण त्यांनी तिला भात, तूप, केळं, भिजवलेले बदाम यांची जोड दिली आणि डबाबंद ‘डाएट’ पदार्थांना ठाम नकार दिला. हे त्यांचं काम वादाच्या धुरळ्यात झाकलं गेलं, ते जायला नको होतं.

२०१२ हे वर्ष मोठ्या योगायोगाचं. लातुरात दीक्षित स्वतःवर प्रयोग करत होते त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेत, मूळ ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांवरचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेच स्निग्ध अन्न, तेवढेच उष्मांक. पण आठ तासांतच खायला मिळालेले उंदीर दिवसरात्र खाणाऱ्या उंदरांच्या मानाने सडसडीत राहिले. त्याच वर्षी बीबीसीवर डॉ. मायकेल मोस्ली यांचा माहितीपट आला आणि आठवड्यातले दोन दिवस ५००-६०० उष्मांकांवर काढण्याची ५:२ पद्धत ब्रिटनभर गेली. २०१६ मध्ये योशिनोरी ओसुमी यांना पेशी स्वतःचे जुने भाग मोडून वापरतात त्या ऑटोफॅजीच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. त्यांचं मूळ काम यीस्टवरचं होतं. तरी ‘सोळा तास उपाशी राहा, नोबेलने सिद्ध झालंय’ असे संदेश फिरू लागले.

माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल अधिक संयत आहेत. २०१७ मध्ये संशोधक क्रिस्टा वराडी यांनी शंभर लोकांवर वर्षभर एक दिवसाआड उपवास तपासला. उपवास करणाऱ्यांचं वजन ६ टक्के उतरलं, रोज मोजून कमी खाणाऱ्यांचं ५.३ टक्के, आणि सोडून जाणारे उपवासाच्या गटात जास्त होते. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाणाऱ्यांना इतरांपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. त्या चाचणीमागचे हृदयरोगतज्ज्ञ ईथन वाइस स्वतः कित्येक वर्षं ही पद्धत पाळत होते. निकाल पाहून त्यांनी ती सोडली. २०२२ मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरात १३९ जणांना सारखेच कमी उष्मांक देऊन एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ची मर्यादा घातली. वर्षाअखेर ८ किलो विरुद्ध ६.३ किलो, संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ग्राह्य ठरला नाही.

माझ्या मते याचा अर्थ असा की घड्याळ स्वतः चरबी जाळत नाही. ते अनेकांना कमी खायला लावतं, आणि उष्मांक मोजण्यापेक्षा ‘आता नाही’ हे एकच वाक्य पाळणं पुष्कळांना जमतं. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यात काही खोट नाही.

आपल्या शरीराबद्दल मात्र आणखी एक गोष्ट धरायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, हडकुळी, पण चरबी राखून असलेली. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे २३च्या वर जादा वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा धरतात तो याच कारणाने. स्नायू मुळातच कमी असलेल्या माणसाने दोन वेळच्या जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी, मासे कमी केले आणि व्यायामही केला नाही, तर काटा खाली येईल आणि त्यात स्नायूही जातील. जेवणं दोन झाली की प्रत्येकात प्रथिनं जास्त लागतात, हे व्याख्यानाला गेलेल्यांपैकी किती जणांपर्यंत पोचलं, याची मला काळजी वाटते.

मधुमेहींच्या बाबतीत उपवासाचा सर्वांत मोठा अनुभव रमजानमधून आलेला आहे. २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींचा अभ्यास झाला, तेव्हा रोज्यांच्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण टाइप १च्या रुग्णांत ४.७ पट आणि टाइप २च्या रुग्णांत ७.५ पट वाढलेलं दिसलं. तेव्हापासून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घेण्याची पद्धत घालून दिली गेली. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने दोन वेळच्या जेवणावर जाताना हीच तयारी करावी लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याविषयीचा मानसिक आजार होऊन गेलेली माणसं यांना ही पद्धत देत नाहीत.