तालीम

तालीम म्हटलं की कोल्हापूरकराला लाल माती दिसते, नाटकवाल्याला स्क्रिप्ट हातात घेऊन उभी असलेली माणसं दिसतात आणि गाणं शिकणाऱ्याला गुरूसमोरची सतरंजी. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवणं, इल्म आणि आलिम हे त्याचेच भाऊबंद. हिंदी-उर्दूत तालीम म्हणजे अजूनही शिक्षणच, गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात मांडलेली नई तालीम पण त्याच अर्थाची. मराठीत मात्र शाळेला कुणी तालीम म्हणत नाही, शाळा सोडून बाकी जिथं घाम गाळायचा तिथं हा शब्द जाऊन बसलाय.

रियाज किंवा सराव एकट्याने होतो, तालमीला दुसरं माणूस लागतं. वस्ताद, दिग्दर्शक, गुरू, कुणीतरी समोर बसून बघणारं पाहिजे. हल्ली हॅबिट ट्रॅकरच्या ॲपमध्ये रोज टिकमार्क करतात ना, ते काम इथं वस्तादाच्या नजरेने होतं आणि त्या नजरेला फसवता येत नाही.

कुस्तीची तालीम म्हणजे जागा पण आणि मेहनत पण. मधे मातीचा हौदा, भिंतीवर मारुती. माती साधी नसते, तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं मिसळून ती मुरवतात, नाहीतर अंग सोलून निघतं. पोरं पहाटे अंधारात उठतात, आधी खोऱ्याने हौदा उकरायचा (हाच निम्मा व्यायाम), मग जोर, बैठका, मग जोड धरून लढती, आणि संध्याकाळी परत तेच. मधल्या वेळात खुराक आणि झोप, झोपेला इथं कुणी आळस म्हणत नाही, ती मेहनतीचाच भाग धरतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जोड बरोबरीची किंवा थोडी वरचढ लागते, रोज कच्च्या गड्याला पाडून कुणी पैलवान होत नाही. आणि वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो असं म्हणतात.

तालमीला मर्यादा पण आहेतच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले तर माती आणि मॅट या दोन वेगळ्याच गोष्टी निघाल्या, तरी सहावे आले. मग मॅटच्या हिशोबाने मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

गाण्यातली तालीम म्हणजे गुरूने समोर बसवून दिलेली. तो एक तान म्हणणार, शिष्याने तशीच म्हणायची, नाही जमली तर परत, आणि कितीदा परत ते शिष्याने विचारायचं नाही. म्हणून गवयाबद्दल बोलताना याची तालीम कुणाकडची हा प्रश्न पहिला येतो, रियाज किती तास हा नंतर. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी गोव्याच्या, दोघींची तालीम अल्लादिया खाँसाहेबांची, तरी गाणं दोघींचं वेगवेगळं.

नाटकाच्या तालमी मात्र नेहमी अनेकवचनात. आधी वाचन, मग पाठांतर, मग हालचाली बसवणं, शेवटी कपडे, लाईट, म्युझिकसकट रंगीत तालीम. ऑफिस सुटल्यावर भाड्याच्या हॉलमध्ये जमायचं, एक जण हमखास उशिरा येतो आणि त्याच्याच प्रवेशापासून सुरुवात असते. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा जवळ आली की कॉलेजची पोरं रात्र रात्र तालमी करतात, ज्यांना एरवी सकाळच्या लेक्चरला उठवत नाही तीच. रंगीत तालीम हा शब्द तर आता निवडणुकीपासून लग्नापर्यंत कुठेही चालतो.

गंमत म्हणजे हे तिन्ही अर्थ कोल्हापुरात एकाच राजाच्या छायेत वाढले. शाहू महाराजांनी १९१२ ला कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं, १९१५ च्या सुमारास त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर झालं (आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं तेच), आणि अल्लादिया खाँसाहेब त्यांच्याच दरबारचे गवई.

पुढे तिथल्या तालमी पेठापेठांच्या संस्था झाल्या. गणपती तालमीचा, पेठेतली भांडणं मिटवायची ती तालमीत, आणि फुटबॉलची टीम पण तालमीचीच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध दिलबहार तालीम मंडळ अशी मॅच लागते तेव्हा गॅलरी फुल्ल असते, आणि कुस्तीच्या नावाचं मंडळ फुटबॉल का खेळतंय हे बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगेपर्यंत हाफटाईम होतो.