स्पॅम-गाळणीतील प्लगइन जोडणी

नकोसे ई-मेल, म्हणजे स्पॅम, वेगळे काढणाऱ्या गाळणीच्या मूळ प्रोग्रॅमला हात न लावता तपासणीचे सुटे भाग तिला जोडणे, नको ते बंद ठेवणे आणि त्यांच्या गुणांची जुळणी करणे या कामास प्लगइन जोडणी म्हणतात. प्रस्तुत नोंद स्पॅमअसॅसिन या मुक्त गाळणीपुरती असून उदाहरणे सांगलीच्या हळद बाजारातील मराठी पत्रव्यवहाराची घेतली आहेत. प्रत्येक तपासणी ई-मेलने आलेल्या पत्राला अधिक किंवा उणे गुण देते. बेरीज ५.० किंवा त्याहून अधिक झाली की पत्र स्पॅम ठरते.

स्पॅमअसॅसिनचा उगम मार्क जेफ्टोविक यांनी १९९७ च्या सुमारास पर्ल या संगणकभाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅमपर्यंत मागे नेता येतो. जस्टिन मेसन यांनी तो नव्याने लिहिला आणि एप्रिल २००१ मध्ये खुला केला. पुढे हा प्रकल्प अपाची या मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानकडे गेला. प्लगइनची रचना सप्टेंबर २००४ च्या ३.० आवृत्तीत आली. त्याआधी नवी तपासणी घालायची तर मूळ संहिताच बदलावी लागे.

गाळणीतील सर्वांत वजनदार प्लगइन बेज हे होय; पत्रातील शब्दांवरून स्पॅमची संभाव्यता ते काढते. ज्यांच्यावरून हे नाव पडले त्या थॉमस बेज यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते गणित टपाल गाळण्यास प्रथम कोणी वापरले याबाबत एकमत नाही. लोकप्रिय लेखनात हा मान बहुधा पॉल ग्रॅहॅम यांना, त्यांच्या ऑगस्ट २००२ च्या निबंधामुळे मिळतो. परंतु सहामी, ड्यूमे, हेकरमन आणि हॉर्विट्झ यांचा याच पद्धतीवरील शोधनिबंध १९९८ चा आहे, आणि पँटेल व लिन यांचेही काम त्याच वर्षीचे. काही जण जेसन रेनी यांच्या १९९६ च्या आयफाइलकडे बोट दाखवतात. मात्र तो प्रोग्रॅम पत्रे निरनिराळ्या कप्प्यांत लावण्यासाठी होता, स्पॅम ओळखणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता. तेव्हा अग्रक्रम १९९८ च्या निबंधांना आणि प्रसाराचे श्रेय ग्रॅहॅम यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. स्पॅमअसॅसिनमध्ये हे तंत्र २००३ च्या २.५० आवृत्तीत आले. शब्दांच्या संभाव्यता एकत्र करण्यासाठी त्यात ग्रॅहॅम यांचे सूत्र नसून गॅरी रॉबिन्सन यांची काय-वर्ग (काय-स्क्वेअर) ही संख्याशास्त्रीय पद्धत आहे. आजच्या गाळणीला ग्रॅहॅमची गाळणी म्हणणे म्हणूनही बरोबर नाही.

प्लगइन चालू-बंद करण्याच्या ओळी ‘प्री’ प्रत्यय असलेल्या फायलींत असतात. त्या आवृत्तीवार आहेत: इनिट, व्ही३१०, व्ही३२०, व्ही३४१, व्ही४०० इत्यादी. या फायली आधी वाचल्या जातात आणि गुण व पर्याय ज्यात लिहायचे ती लोकल.सीएफ नंतर. ‘लोडप्लगइन’ने सुरू होणाऱ्या ओळीपुढचे हॅश चिन्ह काढले की प्लगइन जोडले जाते. भाषा ओळखणारे टेक्स्टकॅट, पत्त्याची पत राखणारे टीएक्सरेप आणि काही तपासण्यांवरच निकाल देऊन मोकळे होणारे शॉर्टसर्किट ही मुळात बंद असतात. शॉर्टसर्किट लहान कार्यालयाने बंदच राहू द्यावे.

मराठी पत्रव्यवहाराच्या दृष्टीने खरा कस टेक्स्टकॅटपाशी लागतो. अक्षरांच्या लहान तुकड्यांची वारंवारता मोजून भाषा ठरवण्याची कॅव्हनर व ट्रेंकल यांची १९९४ ची पद्धत त्यात वापरली आहे. भाषांच्या यादीत मराठी, हिंदी, नेपाळी आणि संस्कृत आहेत, कोकणी नाही. संस्कृत तर मूळ मांडणीत विचारातूनच वगळलेली असते. परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या फायलीत ‘ओके_लँग्वेजेस’ या चालणाऱ्या भाषांच्या ओळीपुढे केवळ इंग्रजीचा संकेत असला की घोटाळा होतो. मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपतात. पेढीवरचे दिवाणजी बाहेरगावच्या खरेदीदाराला राजापुरी या हळदीच्या वाणाचा भाव, पोत्यांची संख्या आणि बँकेचा तपशील मराठीत कळवतात. खरेदीदाराकडील गाळणी नकोशा भाषेचे २.८ गुण लावते, पैशांच्या उल्लेखामुळे बेज ३.० लावते, बेरीज ५.८ होते आणि सौद्याचे पत्र जंक कप्प्यात पडून राहते. इथे मर्यादा ५.० वरून ८ वर नेण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो चुकीचा आहे, कारण त्याने खरा स्पॅमही आत येतो. संकेतांत मराठी आणि हिंदी दोन्ही घालावेत, तेवढ्याने २.८ गुण जातात आणि तेच पत्र ३.० वर राहते. दोन्ही भाषांची लिपी एक असल्याने छोट्या पत्रात त्यांची गल्लत होऊ शकते, म्हणून एकटी मराठी पुरत नाही.

बेजच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते, काना-मात्राही स्वतंत्र चिन्हे धरून. ३.४ मालिकेत १५ बाइटांहून लांब देवनागरी शब्द अखंड न नोंदता सुट्या चिन्हांत मोडला जाई. ‘हळद’ ९ बाइटांचा, ‘भाव’ ९, ‘सौदा’ १२; हे टिकतात. ‘बेदाणे’ १८, ‘क्विंटल’ २१, ‘राजापुरी’ २४. यांची अक्षरे विखुरतात आणि शब्दाची ओळख पुसली जाते. सांगलीच्या पत्राला सांगलीचे करणारे शब्द नेमके हेच. डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीत यूटीएफ-८ चा आधार सुधारला असून निरनिराळ्या अक्षरसंकेतांतील मजकूर एकाच संकेतात आणण्याचा पर्याय आपोआप चालू असतो. मराठी टपाल हाताळणाऱ्याने जुन्या मालिकेवर थांबू नये.

बेज कामाला लागण्यापूर्वी त्याला किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रे, म्हणजे हॅम, दाखवावी लागतात. हे काम ‘एसए-लर्न’ या आज्ञेने होते. हॅम पेढीच्याच पेटीतले हवे: दरपत्रके, गाडी भरल्याचे निरोप, हिशेबाची पत्रे. बाहेरून आणलेला इंग्रजी संच शिकवलेल्या गाळणीला ‘क्विंटल’ परका वाटणारच. आपोआप शिकण्याची सोय ०.१ च्या खालच्या पत्रांना हॅम आणि १२ च्या वरच्यांना स्पॅम धरते. मधली पत्रे, ज्यांत मराठी व्यापारी पत्रे हमखास येतात, ती माणसानेच शिकवायची.

इंटरनेटवर विचारणा करणाऱ्या प्लगइनांत पत्राचा ठसा सामायिक नोंदींशी ताडणारी रेझर, पायझॉर व डीसीसी येतात; डीसीसी परवान्याच्या अटींमुळे मुळात बंद असते. पत्रातील दुवे काळ्या यादीशी ताडणारे यूआरआयडीएनएसबीएल अधिक उपयोगी. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा; ती सार्वजनिक असून तिच्यामार्फत विचारणा केल्यास यादीचालक उत्तर नाकारतात आणि पत्राच्या शीर्षभागात ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ अशी नोंद दिसते. अशा वेळी स्वतःच्या सर्व्हरवर अनबाउंडसारखा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची विचारणा करणारा प्रोग्रॅम, बसवतात.

नेहमीच्या खरेदीदाराला सूट देताना नुसता पत्ता लिहू नये, तो कोणालाही खोटा घालता येतो. पाठवणाऱ्याचा खरेपणा तपासणारी एसपीएफ किंवा डीकेआयएम पडताळणी उत्तीर्ण झाली तरच लागू होणारी ‘वेलकमलिस्ट_ऑथ’ ओळ वापरावी. प्रत्येक बदलानंतर ‘लिंट’ची आज्ञा चालवून फायली निर्दोष आहेत का ते पाहतात. गाळणी अमाविस या टपाल सर्व्हरला गाळणी जोडणाऱ्या प्रोग्रॅममधून चालत असेल तर अमाविस पुन्हा सुरू करावे लागते, तोवर जुनीच मांडणी लागू राहते.