ओहोळाच्या नावाचे लोक: साइक्स आडनाव आणि वाय गुणसूत्र

कोल्हापूरकरांना साइक्स हे नाव ‘साइक्स एक्स्टेन्शन’ या वस्तीमुळे परिचित आहे. सर फ्रेडरिक साइक्स हे 1928 ते 1933 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. या आडनावाचे मूळ मात्र उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरच्या डोंगराळ, दलदलीच्या मुलखात आहे. तेथील बोलीत ‘साइक’ म्हणजे बारीक ओहोळ, पाणथळ माळातून वाहणारा किंवा दोन शेतांची हद्द दाखवणारा छोटा प्रवाह. जुन्या इंग्रजीत आणि व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाची भावंडे सापडतात, आणि यॉर्कशरमध्ये या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांची वस्ती शतकानुशतके शेजारी शेजारी होती.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावे 1066 च्या नॉर्मन विजयानंतर हळूहळू रुजली. आधी जमीनदार सरदारांनी ती धरली आणि मग दोन-तीनशे वर्षांत ती सामान्य शेतकऱ्यांपर्यंत झिरपली. उत्तरेकडे हे दक्षिणेपेक्षा उशिरा घडले. कोणाला बापाच्या नावावरून आडनाव मिळाले, कोणाला लोहारकी किंवा शिवणकाम यांसारख्या धंद्यावरून, कोणाला केसांच्या रंगावरून, तर कोणाला घराजवळच्या टेकडीवरून, रानावरून किंवा ओढ्यावरून. साइक्स हे या शेवटच्या प्रकारातले आहे. मध्ययुगीन दस्तऐवजांत ते ‘ओहोळाजवळचा अमुक’ अशा अर्थाच्या वर्णनात्मक रूपात येते. 1379 साली बसवलेल्या डोईपट्टीच्या यॉर्कशरमधील याद्या चांगल्या टिकल्यामुळे या भागातील आडनावांचा अभ्यास विशेष खोलवर होऊ शकला आहे. पुढे 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवणे सक्तीचे झाले, तोपर्यंत बहुतेक कुटुंबांची आडनावे पक्की झालेली होती.

आता ओहोळ तर त्या मुलखात पावलोपावली आहेत. साहजिकच, वेगवेगळ्या गावांतील एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक कुटुंबांना हे आडनाव स्वतंत्रपणे मिळाले असावे, असे लिखित साधनांवरून मानले जात होते. आजही हडर्सफील्डच्या आसपास, पश्चिम यॉर्कशरमध्ये, साइक्स हे अगदी नित्याचे आडनाव आहे. इंग्लंडच्या इतर भागांत ते बरेच विरळ आहे. एका आडनावाचे लोक एका मुलखात इतके दाटलेले असणे ही अनेक मूळपुरुषांची खूण म्हणावी, की एकाच घराच्या विस्ताराची?

हा प्रश्न ऑक्सफर्ड विद्यापीठातील आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी प्रयोगशाळेत नेला. स्वतःचेच आडनाव तपासणे हा काहीसा हौशी उद्योग वाटेल. पण त्यामागील तर्क भक्कम होता. इंग्रजी आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही बापाकडून फक्त मुलाकडे जाते. बाकीची गुणसूत्रे प्रत्येक पिढीत आपल्या जोडीदार गुणसूत्राशी तुकड्यांची अदलाबदल करतात. वायचा बहुतांश भाग मात्र या अदलाबदलीत सापडत नाही. त्यात बदल होतो तो क्वचित घडणाऱ्या उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएची नक्कल होताना राहून जाणाऱ्या चुकीने. म्हणून सातशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या पुरुषाचे वाय गुणसूत्र त्याच्या आजच्या थेट पुरुष वंशजात जवळजवळ जसेच्या तसे सापडायला हवे.

यॉर्कशर, लँकशर आणि चेशर या परगण्यांतील साइक्स पुरुषांना पत्रे पाठवून नमुने मागवण्यात आले. प्रतिसाद देणाऱ्यांपैकी 48 जणांच्या वाय गुणसूत्रावरील चार खुणा तपासल्या गेल्या. डीएनएतील एखादा छोटा तुकडा ओळीने किती वेळा पुन्हा पुन्हा येतो, याची संख्या म्हणजे ही खूण. अशा खुणांच्या आकड्यांचा संच एका वंशशाखेची ओळख ठरतो. ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्विन यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष त्या काळी धक्कादायक ठरला. 48 पैकी 21 जणांचा संच तंतोतंत एकच होता आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर आडनावांच्या इंग्रज पुरुषांत तो आढळला नाही. उरलेल्यांचे संच मात्र सर्वसाधारण इंग्रज पुरुषांसारखेच विखुरलेले होते.

यावरून लेखकद्वयाने मांडले की, आजचे साइक्स मूळ एकाच पुरुषाचे वंशज असावेत आणि न जुळणाऱ्या गुणसूत्रांचा शिरकाव मधल्या पिढ्यांत झाला असावा. तो शिरकाव त्यांनी पिढीमागे सरासरी 1.3 टक्के असा मोजला. वृत्तपत्रांना यात व्यभिचाराची चटकदार कथा दिसली, ती अर्धवट होती. दत्तक घेतलेला मुलगा, आईचे आडनाव लावणारे अनौरस मूल, सासऱ्याच्या इस्टेटीसाठी त्याचे आडनाव स्वीकारणारा जावई, या सगळ्यांमुळे आडनाव आणि गुणसूत्र यांची फारकत होते. शिवाय हा दर लहान असला तरी तो सातशे वर्षे साचत राहिला, हे विसरून चालत नाही.

माझ्या मते या शोधनिबंधातील ‘एकच मूळपुरुष’ हा भाग सर्वांत कच्चा आहे. 1874 साली फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी आडनावे नामशेष का होतात, याचे गणित मांडले होते. कोणाला मुलगे होत नाहीत, कोणाला होतात पण जगत नाहीत, कोणाला पाच होतात. हा निव्वळ योगायोगाचा खेळ पिढ्यानपिढ्या चालला की, सुरुवातीच्या बहुतेक पुरुषशाखा खुंटतात आणि थोड्याच शाखा प्रचंड फोफावतात. 1348 नंतरच्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लोकसंख्या नेली, तेव्हा कितीतरी शाखा एका फटक्यात संपल्या असतील. म्हणजे ओहोळाकाठी दहा साइक्स घराणी सुरू झाली असली, तरी आज त्यांपैकी एकाचाच वरचष्मा दिसू शकतो. ‘उरला तो एक’ हे ‘होता तो एक’ याचा पुरावा नव्हे.

ही शंका पुढे लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांच्या कामाने ठोस झाली. त्यांनी 2009 साली 40 ब्रिटिश आडनावांच्या सुमारे सतराशे पुरुषांचे वाय गुणसूत्र अधिक खुणांनिशी तपासले. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावाच्या पुरुषांत एक वंशशाखा ठळकपणे दिसली, तर स्मिथसारख्या अतिप्रचलित धंदेवाचक आडनावाच्या दोन पुरुषांतील नाते वाटेल त्या दोन इंग्रजांतील नात्याइतकेच निघाले. गावोगावी लोहार होते, त्यामुळे गावोगावी स्मिथ झाले. आडनाव जितके विरळ, तितके समान पूर्वजाचे प्रमाण अधिक, असा सर्वसाधारण कल त्यांना आढळला आणि काही शाखांचे वर्चस्व नुसत्या योगायोगानेही निर्माण होऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

यॉर्कशरच्या या आडनावाची एक फांदी दख्खनच्या निसर्गशास्त्रातही रुजली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते आणि 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होते. त्या भटकंतीत त्यांनी इथल्या पक्ष्यांची आणि माशांची पद्धतशीर नोंद केली. दख्खनच्या नद्यांतील महसीर माशाला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव त्यांनी दिले आणि आपल्या माळरानांवरील एका तांबूस चंडोलाला ‘साइक्सचा चंडोल’ म्हणून जगभर ओळखले जाते.

आडनाव आणि गुणसूत्र यांच्या या जोडीला गेल्या काही वर्षांत वेगळेच वळण मिळाले आहे. वंशावळ शोधणारे हौशी लोक स्वतःच्या वाय खुणा आडनावासह इंटरनेटवरील सार्वजनिक संग्रहांत टाकतात. 2013 साली आनुवंशिकीतज्ज्ञ यानिव्ह अर्लिख यांच्या गटाने उलटा प्रवास करून दाखवला. संशोधनासाठी नाव न सांगता दिलेल्या जनुकसंचातील वाय खुणा त्यांनी या संग्रहांशी ताडून पाहिल्या, संभाव्य आडनाव काढले, त्याला वय आणि राज्य यांची जोड दिली आणि जवळजवळ 50 व्यक्तींची ओळख शोधून काढली. त्यानंतर त्या नमुन्यांच्या दात्यांची वये अमेरिकेत सार्वजनिक पानांवरून काढून मर्यादित प्रवेशाच्या विभागात ठेवण्यात आली.