शिकागो शहराचा ध्वज

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शिकागो शहराचा अधिकृत ध्वज. पांढऱ्या रंगावर दोन आडवे फिकट निळे पट्टे आणि त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत एका ओळीत चार लाल तारे, अशी त्याची मांडणी आहे. नगरपरिषदेने तो ४ एप्रिल १९१७ रोजी स्वीकारला. आजचे रूप मात्र त्याला १९३९ मध्ये मिळाले.

महापौर विल्यम हेल थॉम्पसन यांनी १९१५ मध्ये ध्वजासाठी समिती नेमली. खुल्या स्पर्धेत हजाराहून अधिक आराखडे आले आणि त्यांतून लेखक व पत्रकार वॉलेस राइस यांचा आराखडा निवडला गेला.

राइस यांनी शहराचा नकाशाच जणू कापडावर उतरवला. तीन पांढरे पट्टे म्हणजे शहराचे उत्तर, पश्चिम आणि दक्षिण भाग. मधला सर्वांत रुंद. वरचा निळा पट्टा मिशिगन सरोवर आणि शिकागो नदीच्या उत्तर शाखेचा, खालचा दक्षिण शाखेचा आणि मोठ्या कालव्याचा. या कालव्याला ध्वजावर मिळालेले स्थान योग्यच आहे. शहराचे सांडपाणी नदीवाटे सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवराचे. १९०० मध्ये कालवा खुला झाला आणि नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला.

ताऱ्यांना सहा टोके देण्यामागेही विचार होता. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरचे पाच टोकांचे तारे राज्यांचे असल्याने शहरासाठी वेगळा तारा हवा, असे राइस यांचे म्हणणे होते. टोके नेहमीच्या षट्कोनी ताऱ्यापेक्षा बरीच निमुळती आहेत.

सुरुवातीला तारे दोनच होते: एक १८७१ च्या भीषण आगीचा, दुसरा १८९३ च्या कोलंबियन जागतिक प्रदर्शनाचा. शहर जळाले ती घटना अभिमानाच्या चिन्हात मानाने बसवणे, हा या ध्वजाचा सर्वांत धीट भाग म्हणावा लागेल. या ताऱ्याच्या सहा टोकांना धर्म, शिक्षण, सौंदर्यदृष्टी, न्याय, परोपकार आणि नागरी अभिमान असे अर्थ दिले आहेत. १९३३ मध्ये ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ या प्रदर्शनासाठी तिसरा तारा आला. १९३९ मध्ये चौथा आला तो फोर्ट डिअरबॉर्नचा. १८०३ मध्ये बांधलेला हा किल्ला कालक्रमाने सर्वांत आधीचा, म्हणून त्याला काठीलगतची जागा मिळाली. पाचव्या ताऱ्याच्या सूचना अधूनमधून पुढे येतात, पण त्यांतली एकही मंजूर झालेली नाही.

उत्तर अमेरिकी ध्वजशास्त्र संघटनेने २००४ मध्ये अमेरिकी शहरांच्या ध्वजांबाबत जनमत घेतले, तेव्हा वॉशिंग्टन डी.सी.च्या खालोखाल शिकागोचा क्रमांक लागला. ध्वजावर शहराचे नाव किंवा मुद्रा नाही. त्यामुळे तो लांबूनही ओळखता येतो आणि कोणालाही सहज काढता येतो. सरकारी इमारतींइतकाच तो शिकागोत घरांवर, टी-शर्टांवर आणि गोंदणातही दिसतो.