ट्रॅव्हल ट्रेलर आणि पोर्टेबल जनरेटर

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीला किंवा पिकअप ट्रकला जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. अमेरिका आणि कॅनडात सुटीच्या प्रवासासाठी त्याचा मोठा वापर होतो. स्वतःचे इंजिन असलेल्या मोटारहोममध्ये बहुधा कारखान्यातूनच जनरेटर बसवून येतो. ट्रेलरमध्ये तो सहसा नसतो. कॅम्पग्राउंडवर विजेचा खांब असेल तर ट्रेलरची केबल तिथे जोडतात. वीज नसलेल्या तळावर दिवे, पाण्याचा पंप आणि पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एसी आणि मायक्रोवेव्ह चालवायला, किंवा ढगाळ दिवसांत सौर पॅनेल कमी पडून उतरलेली बॅटरी भरायला, हाताने उचलून नेता येईल असा पेट्रोलचा जनरेटर सोबत घेतात.

जनरेटर घेताना पहिला प्रश्न येतो तो किती वॅटचा घ्यावा, हा. तो हिशेब चुकला तर ब्रेकर पडतो आणि एसी बंद होतो. जनरेटर ठेवण्याची जागा चुकली तर आतली माणसे झोपेतच दगावतात. म्हणून जागेचा विचार आधी करायला हवा.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, गळून जाणे ही सुरुवातीची लक्षणे. दिवसभराच्या प्रवासाने आलेला थकवा समजून माणूस आडवा होतो, आणि तिथेच घात होतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवल्याने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. त्यांमागेही हाच वायू असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार पोर्टेबल जनरेटरच्या धुराने त्या देशात दरवर्षी सुमारे १०० माणसे मरतात. एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असेही आयोग सांगतो.

जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर दूर ठेवावा आणि त्याच्या धुराचे तोंड ट्रेलरच्या विरुद्ध दिशेला असावे, हा तिथला सर्वमान्य नियम आहे. तो मोडला जातो तो बहुतेक वेळा अज्ञानाने नव्हे, सोयीपायी. पाऊस आला म्हणून जनरेटर ट्रेलरच्या बाजूला पसरलेल्या कापडी छताखाली ओढला जातो. चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने ट्रेलरच्या जोडदांड्याला बांधला जातो. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून ट्रेलर आणि ट्रक यांच्या बेचक्यात ठेवला जातो. ही कारणे समजण्यासारखी आहेत, पण प्रत्येकाला दुसरा उपाय आहे: पावसासाठी हवा खेळती ठेवणारे खास आच्छादन, चोरीसाठी लांब साखळी आणि झाड, आवाजासाठी शांत चालणारे यंत्र.

ट्रेलर हवाबंद डब्यासारखा असतो असे वाटते, पण तो सर्व बाजूंनी गळका असतो. तळातून जाणाऱ्या नळ्यांची भोके, मुक्कामी भिंतीतून बाहेर सरकवायच्या खोलीचे रबर, फ्रिज आणि गिझरच्या जाळ्या यांतून धूर आत शिरू शकतो. छतावरचा हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल तर आत किंचित पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा त्याच फटींतून खेचली जाते. वारा नसलेल्या रात्री धूर आसपासच साचून राहतो. शेजारच्या तळावरच्या जनरेटरचा धूरही इतकाच घातक असतो, म्हणून आपले यंत्र दूर ठेवल्याने जबाबदारी संपत नाही.

नव्या ट्रेलरमध्ये या वायूचा इशारा देणारा अलार्म बसवलेला असतो. त्याचा संवेदक काही वर्षांत निकामी होतो, म्हणून पाठीमागे छापलेली मुदत पाहून तो बदलावा लागतो. चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे संवेदक जिवंत आहे असे नव्हे. अलीकडच्या अनेक जनरेटरमध्ये आसपास वायू साठला की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते. ती उपयुक्त आहे, मात्र ती जनरेटरजवळची हवा तपासते. धूर वाऱ्याने ट्रेलरकडे वाहत गेला तर तिला कळत नाही. अलार्म वाजला तर आधी सर्वांनी बाहेर पडावे. खिडक्या उघडून आतच थांबणे धोक्याचे. झोपण्यापूर्वी जनरेटर बंद करणे हीच खरी खात्रीची पद्धत.

आता विजेचा हिशेब. अमेरिकी ट्रेलर बहुधा ३० अँपिअरचे असतात. १२० व्होल्टला ही मर्यादा ३,६०० वॅट होते. मोठ्या ट्रेलरला ५० अँपिअरच्या दोन फेज लागतात आणि त्यांची क्षमता १२,००० वॅटपर्यंत जाते, तेवढी पोर्टेबल जनरेटरकडून क्वचितच मिळते. अडचण येते ती एसीची. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे थंडाव्याची क्षमता सांगणारे एकक) एसी चालताना साधारण दीड हजार वॅट घेतो, पण कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या जवळपास दुप्पट मागतो. सॉफ्ट स्टार्टर नावाचे छोटे उपकरण बसवले की हा झटका बराच कमी होतो आणि लहान जनरेटरवरही एसी चालू शकतो. होंडाचा ईयू२२००आय हे परिचित यंत्र सलग १,८०० वॅट देते. अशी दोन यंत्रे समांतर जोडली की बरोबर ३,६०० वॅट होतात. फ्रिज आणि गिझर प्रोपेन गॅसवर चालवावेत, म्हणजे एकट्या गिझरचेच १,४०० वॅट वाचतात.

उंचीचाही विचार करावा लागतो. दर १,००० फुटांमागे इंजिनाची ताकद सुमारे ३.५ टक्के घटते. अमेरिकेतले यलोस्टोन सरोवर ७,७०० फुटांहून अधिक उंचीवर आहे; तिथे १,८०० वॅटच्या यंत्राकडून जेमतेम १,३०० वॅट मिळतात. घरी अंगणात व्यवस्थित चाललेला एसी तिथे सुरू होत नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

न्यूट्रल आणि अर्थिंगचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण टाळता येत नाही. अनेक इन्व्हर्टर जनरेटरमध्ये (म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून स्थिर वीज देणाऱ्या इंजिनाच्या जनरेटरमध्ये) न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अशा यंत्रावर ट्रेलरचे संरक्षक उपकरण अर्थिंग नसल्याचा दोष दाखवते आणि वीज आत येऊ देत नाही. उपकरण बिघडलेले नसते. फेजची वायर धातूच्या सांगाड्याला लागली तर ब्रेकर पाडणारा मार्गच अशा रचनेत नसतो, हेच ते सांगत असते. उपाय म्हणून जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा प्लग लावतात. हा जोड वीज जिथून येते तिथे, एकाच ठिकाणी असावा. ट्रेलरच्या पॅनेलमध्ये तो कधीही करू नये, आणि ज्या यंत्रात तो आधीच आहे तिथे हा प्लग लावू नये. दोन जनरेटर समांतर असतील तर प्लग एकालाच.

मोठ्या जनरेटरवर २४० व्होल्टचा चार पिनांचा सॉकेटही असतो. त्यातून एकच १२० व्होल्टची फेज घेणारा योग्य ॲडॉप्टर न वापरता घरगुती जुगाड केला तर ट्रेलरमधली उपकरणे क्षणात जळतात. केबल ३० अँपिअर पेलणारी, १० गेज जाडीची असावी आणि पूर्ण उलगडून ठेवावी. गुंडाळलेली केबल लोडखाली तापते. जनरेटर आधी रिकामा सुरू करून स्थिर होऊ द्यावा, मग ट्रेलर जोडावा, एसी सर्वांत शेवटी. बंद करताना उलटा क्रम.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड हवे, कारण तापलेल्या मफलरवर (धुराच्या तोंडाशी आवाज कमी करणाऱ्या डब्यावर) सांडलेले पेट्रोल पेट घेते. पेट्रोलचा डबा पिकअपच्या हौद्यात ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवावा; हौद्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. वनक्षेत्रात मफलरवर ठिणगीरोधक जाळी लागते. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा अधिक आवाज चालत नाही, शिवाय प्रत्येक तळाच्या वेळा वेगळ्या असतात.

भारतातला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. इथून नेलेला मिक्सर अमेरिकी ट्रेलरमध्ये नीट चालत नाही, आणि तिथले ॲडॉप्टर व न्यूट्रल जोडणारे प्लग इथल्या कॅरावानला लावू नयेत.