सर्फबोर्डचा फिन : आखणी आणि चाचणी

फिन म्हणजे सर्फबोर्डच्या, म्हणजे लाटांवर स्वार होण्याच्या फळीच्या, शेपटाखाली उभा बसवलेला, माशाच्या परासारखा भाग. त्याला सुकाणू म्हणणे चूक, कारण तो फिरत नाही. बोर्ड वळताना पाणी त्याच्यावर किंचित तिरके येते आणि विमानाच्या पंखाला मिळते तसे उत्थापन (उचलणारा जोर) त्याला मिळते, पण आडव्या दिशेने. त्यामुळेच लाटेच्या उतारावर बोर्डाची पकड टिकते. हा जोर फिनच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोन फार वाढला की प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि शेपूट एकाएकी निसटते.

अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये हवाईत एका स्पीडबोटीची छोटी कील (तळाखालची उभी पट्टी) बोर्डाला जोडली. १९६०च्या दशकात अमेरिकी सर्फर जॉर्ज ग्रीनो यांनी ट्यूना माशाच्या शेपटीवरून मागे झुकलेला, लवचिक फिन घडवला. ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसन यांची १९८० मधील तीन फिनांची रचना, म्हणजे थ्रस्टर, आजही सर्वाधिक वापरात आहे.

थ्रस्टरच्या मध्यम संचात बुडाची लांबी आणि खोली (बुडापासून टोकापर्यंतची उंची), दोन्ही साधारण ११० ते ११५ मिमी असतात. बाजूचे फिन आतून सपाट व बाहेरून फुगीर असतात, मधला दोन्हीकडून सारखा. बाजूच्या फिनांची पुढची टोके मागच्यापेक्षा सुमारे ६ मिमी आत, मध्यरेषेकडे वळलेली असतात. मागे झुकाव जास्त असेल तर वळण लांब व स्थिर येते, कमी असेल तर आखूड.

नमुना हाताने करायचा तर २०० ग्रॅम प्रति चौ.मी. वजनाच्या काचकापडाचे सुमारे ३० थर रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवून ७ मिमीच्या आसपास जाडीची पाटी करतात. सगळे थर एका दमात घातले तर रेझिन तापते आणि पाटी वाकते किंवा तडकते. म्हणून टप्प्याटप्प्याने घालावेत. आकार कापून ग्राइंडरने घासताना कापडाचे थर नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे उघडे पडतात. त्या रेषा गुळगुळीत आणि सारख्या अंतराच्या दिसल्या तर घडण बरोबर. एखादी रेषा वाकडी गेली तर तिथे खड्डा आहे. मोजपट्टीपेक्षा ही खूण जास्त विश्वासाची. थ्रीडी छपाईत मात्र फिन आडवा ठेवून छापावा. उभा छापला तर थरांच्या सांध्यावर, नेमका बुडाशीच, तुटतो.

लवचिकता किनाऱ्यावरच मोजता येते: बूड शिकंज्यात आवळावे, टोकाला ठरावीक वजन टांगावे, टोक किती मिमी झुकते ते टिपावे. प्रवाहाची चाचणी वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल) करायची तर रेनॉल्ड्स अंक (वेग, माप आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) जुळवण्यासाठी त्याच मापाच्या नमुन्यावर हवेचा वेग पाण्यातल्या वेगाच्या सुमारे १५ पट लागतो, म्हणून मोठा नमुना किंवा पाण्याचा बोगदा बरा.

खरी कसोटी समुद्रात, आणि घाईत सर्वाधिक चुका तिथेच होतात. एकच लाट दोनदा येत नाही. म्हणून बोर्ड व सर्फर तोच ठेवावा, एका वेळी एकच माप बदलावे, प्रत्येक संचावर किमान दहा लाटा घ्याव्यात. कोणता संच लावला आहे ते सर्फरला सांगू नये, कारण नवा फिन नेहमीच वेगवान वाटतो. शेवटी पहिला संच पुन्हा लावावा. त्याचा अनुभवही बदललेला निघाला, तर फरक फिनचा नसून भरती-ओहोटीचा असू शकतो.

वेगात फिन गुणगुणू लागला तर आधी मागची कड तपासावी. जाड, बोथट कडेमागे भोवरे आलटून पालटून सुटतात आणि पाते थरथरते. कड एका बाजूने तिरकी घासली की आवाज बहुधा थांबतो.